म्हटलेली कविता नेमकी कुणाची? स्पोकन वर्डचा स्टेज, कोर्ट आणि पुस्तकापर्यंतचा प्रवास

मार्च २०२५ मधले दहा दिवस.

१८ मार्चला दिल्लीतल्या वढेरा आर्ट गॅलरीत एक प्रदर्शन बघताना एकाला कलाकृतीत ओळखीचे शब्द दिसले. ते त्याच्या मित्राच्या कवितेतले होते आणि मित्राला याची कल्पनाच नव्हती. २३ मार्चच्या रात्री मुंबईत खारमधल्या 'द हॅबिटॅट' या स्टुडिओची तोडफोड झाली. आणि २८ मार्चला सुप्रीम कोर्टानं एका कवितेवरून गुजरात पोलिसांनी नोंदवलेला गुन्हा रद्द केला.

तिन्ही बातम्या तीन वेगळ्या पानांवर आल्या. एक कलाविश्वाच्या, एक राजकारणाच्या आणि एक कोर्टाच्या. पण तिन्हींच्या मुळाशी एकच गोष्ट होती: कुणीतरी मोठ्यानं म्हटलेले शब्द, त्यांचा व्हीडिओ आणि त्यानंतर 'हे शब्द कुणाचे, आणि त्यांची किंमत कुणी मोजायची' हा प्रश्न.

गेल्या आठ-दहा वर्षांत भारतात स्पोकन वर्ड नावाचा प्रकार मोबाईलच्या स्क्रीनवरून घराघरात पोहोचला. माइकसमोर एकटी उभी असलेली व्यक्ती, मागे काळा पडदा, हातवारे, मध्येच थांबणं आणि प्रेक्षकांतून येणारा टिचक्यांचा आवाज. हे दृश्य एकदाही न बघता रील्स स्क्रोल करणारा माणूस सापडणं अवघड. आता यातले अनेक जण पुस्तकांपर्यंत पोहोचलेत, काही कोर्टाच्या दारापर्यंत.

गॅलरीत काय घडलं?

आधी दिल्लीच्या प्रकरणाकडे जाऊ, कारण त्यात या सगळ्या गुंत्याचं टोक सापडतं.

आमिर अझीझ यांची 'सब याद रखा जाएगा' ही कविता सीएए-एनआरसीविरोधी आंदोलनाच्या काळात गाजली. ती आंदोलनात म्हटली गेली, व्हीडिओंमधून फिरली, पोस्टरवर आली. फेब्रुवारी २०२० मध्ये पिंक फ्लॉइड या बँडचे संस्थापक सदस्य रॉजर वॉटर्स यांनी लंडनमध्ये ज्युलियन असांज यांच्या सुटकेसाठी भरलेल्या सभेत तिचं इंग्रजी भाषांतर वाचून दाखवलं. म्हणजे कुठल्याही प्रकाशकाच्या पाठबळाशिवाय, फक्त तोंडून तोंडी आणि फोनवरून फोनवर, ही कविता दिल्लीहून लंडनला गेली.

एप्रिल २०२५ मध्ये अझीझ यांनी सोशल मीडियावर लिहिलं की, ज्येष्ठ कलाकार अनिता दुबे यांनी आपल्या कवितेतले शब्द परवानगी न घेता, न विचारता कलाकृतींमध्ये वापरले आहेत. मखमली कापडात कापलेले आणि लाकडावर कोरलेले आपले शब्द एका व्यावसायिक गॅलरीत टांगले गेले, असा त्यांचा आरोप होता. आंदोलनात कुणी ही कविता म्हटली किंवा फलकावर लिहिली तर आपण त्यांच्यासोबतच आहोत, पण हा प्रकार तसा नाही, अशीही त्यांची भूमिका होती.

दुबे यांनी यावर निवेदन दिलं. ही कविता आपल्याला आवडली, ती साजरी करण्याच्या भावनेतून शब्द वापरले, मात्र केवळ श्रेय देऊन थांबणं आणि कवीला न विचारणं ही आपली नैतिक चूक होती, असं त्यांनी मान्य केलं. कलाकृती विक्रीतून काढून घेतल्याचंही सांगण्यात आलं.

यावर सोशल मीडियावर जे वाद झाले, त्यात एक सूर असा होता: 'जी कविता हजारो लोकांनी मोर्चात म्हटली, ती आता जनतेची झाली. मग परवानगी कसली?'

हा युक्तिवाद ऐकायला छान वाटतो, पण त्यात एक गफलत आहे. कविता लोकांनी म्हणणं आणि कविता विकाऊ वस्तूचा भाग होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. याच आंदोलनातलं दुसरं उदाहरण घ्या. डिसेंबर २०१९ मध्ये वरुण ग्रोव्हर यांनी 'हम कागज़ नहीं दिखाएँगे' ही कविता स्वतः म्हणून पोस्ट केली, तेव्हाच या शब्दांवर कॉपीराइट नाही, हवे तसे वापरा, गा, बदला, असं जाहीर केलं होतं. ग्रोव्हर यांनी हक्क सोडला, कारण तो त्यांच्याकडे होता. अझीझ यांनी तो सोडलेला नव्हता.

कायदा याबाबत काय म्हणतो?

भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार कवितेचा स्वामित्वहक्क मिळवण्यासाठी पुस्तक छापणं किंवा नोंदणी करणं सक्तीचं नाही. हक्क कवीच्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. कलम ५७ नुसार आर्थिक हक्क विकून टाकले तरी 'हे माझं आहे' असं सांगण्याचा आणि आपल्या प्रतिष्ठेला धक्का लागेल अशी मोडतोड रोखण्याचा अधिकार लेखकाकडे राहतो.

स्पोकन वर्डमध्ये याच्या जोडीला आणखी एक हक्क येतो, तो सादरकर्त्याचा. कलम ३८ नुसार सादरीकरणावर सादरकर्त्याचा ५० वर्षं हक्क असतो. थोडक्यात, एखाद्या यूट्यूब चॅनेलवर कवयित्री स्वतःची कविता म्हणते तेव्हा तिथे एकावर एक तीन थर असतात. शब्द तिचे. म्हणणं तिचं. आणि व्हीडिओ चॅनेलचा.

गोंधळ इथेच होतो. बहुतेक नवोदितांना पहिल्यांदा स्टेज मिळतं तेव्हा एक कागद पुढे येतो आणि त्यावर घाईघाईत सही होते. कायद्याच्या कलम १९ नुसार कॉपीराइट दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सही करूनच देता येतो. मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारत. त्यामुळे 'व्हीडिओ आमच्या चॅनेलवर आला म्हणजे कविता आमची' असं कुणी सांगत असेल, तर त्या कागदावर तसं स्पष्ट लिहिलेलं आहे का, हे बघावं लागतं. नसेल, तर कविता कवयित्रीचीच.

हे स्पोकन वर्ड आलं कुठून?

कविता मोठ्यानं म्हणणं आपल्याला नवीन नाही, हे सांगायला नकोच. पण आज जे 'स्पोकन वर्ड' या नावानं ओळखलं जातं, त्याचा साचा अमेरिकेतला आहे.

मार्क स्मिथ हे शिकागोमधले बांधकाम मजूर. विद्यापीठांतली काव्यवाचनं त्यांना रटाळ वाटायची. जुलै १९८६ मध्ये त्यांनी 'ग्रीन मिल' या बारमध्ये कवितेची स्पर्धा सुरू केली. नाव ठेवलं 'पोएट्री स्लॅम'. नियम साधे होते. कविता स्वतःची हवी. वेळ तीन मिनिटं, वर दहा सेकंदांची सवलत. कसलीही वस्तू किंवा वेशभूषा वापरायची नाही. आणि परीक्षक? प्रेक्षकांतूनच निवडलेले पाच जण. ते शून्य ते दहा गुण देणार, सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी गुण बाद करायचे, उरलेल्या तिघांची बेरीज म्हणजे निकाल.

बारमध्ये बीअर पिणारा माणूस कवितेला गुण देतोय, ही कल्पनाच अनेक समीक्षकांना झोंबली. हॅरल्ड ब्लूम यांच्यासारख्या दिग्गज समीक्षकानं तर स्लॅमला कलेचा मृत्यू ठरवलं होतं. पण स्मिथ यांना हेच हवं होतं. कविता कंटाळवाणी असेल तर ती ऐकवणाऱ्याला ते तिथल्या तिथे कळलं पाहिजे.

न्यूयॉर्कमध्ये त्याआधीच, १९७० च्या दशकात, पोर्तो रिकन स्थलांतरितांनी 'न्यूयोरिकन पोएट्स कॅफे' सुरू केला होता. पुढे तो स्लॅमचं मोठं केंद्र झाला. २००२ ते २००७ या काळात 'एचबीओ'वर 'डेफ पोएट्री' हा कार्यक्रम आला आणि हा प्रकार टीव्हीवर पोहोचला. मग यूट्यूब आलं. २०११ मध्ये मिनियापोलिसमध्ये सुरू झालेल्या 'बटन पोएट्री' या संस्थेनं स्लॅमचे व्हीडिओ टाकायला सुरुवात केली. २०१३ मध्ये नील हिलबॉर्न यांचा 'ओसीडी' हा व्हीडिओ जगभर व्हायरल झाला.

ते तीन मिनिटांचं बंधन लक्षात ठेवण्यासारखं आहे. स्पर्धेच्या सोयीसाठी केलेला हा नियम पुढे यूट्यूबला आणि नंतर इन्स्टाग्रामला अगदी मापात बसला. आज भारतात जी कविता 'स्पोकन वर्डसारखी' वाटते, तिचा आकार याच नियमातून आलाय. सुरुवातीला एखादी साधी घरगुती गोष्ट, मग एका ओळीची पुनरावृत्ती, वाढत जाणारा वेग, अडीचाव्या मिनिटाला कलाटणी आणि शेवट एकदम हळू आवाजात. ज्यांनी असे वीस-पंचवीस व्हीडिओ पाहिलेत, त्यांना कलाटणी कधी येणार हे आता आधीच कळतं. हा या प्रकाराचा कमकुवतपणाही आहे.

मुंबईचा माइक

भारतात या लाटेचं मुख्य बंदर मुंबई राहिलं. 'कम्यून', 'अनइरेझ पोएट्री', 'टेप अ टेल' असे मंच गेल्या दशकात उभे राहिले. 'कम्यून'नं 'स्पोकन फेस्ट' नावाचा महोत्सवच सुरू केला. मार्च २०१७ मध्ये महिला दिनाच्या सुमारास 'अनइरेझ'वर अरण्या जोहर यांची 'अ ब्राऊन गर्ल्स गाइड टू जेंडर' ही इंग्रजी कविता आली, तेव्हा त्या अवघ्या १८ वर्षांच्या होत्या. व्हीडिओ काही दिवसांतच लाखो लोकांनी पाहिला. त्याच वर्षी 'कम्यून'च्या मंचावर हुसैन हैदरी यांनी 'हिंदुस्तानी मुसलमान' म्हटली. हैदरी मूळचे इंदूरचे आणि पेशानं चार्टर्ड अकाउंटंट. नोकरी सोडून मुंबईत आले आणि सिनेमाची गाणी लिहू लागले. 'मुक्काबाज'मधली बरीच गाणी त्यांची आहेत.

ही वाट अनेकांची आहे. माइकवरून थेट पोट भरत नाही. माइक म्हणजे ओळखपत्र. त्यावरून सिनेमाची गाणी, जाहिरातींचं लेखन, कॉलेजांचे कार्यक्रम आणि कार्यशाळा मिळतात. महिला दिन किंवा मदर्स डे जवळ आला की ब्रँडना अचानक कवी आठवतात, हा अनुभव या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा.

पण यासाठी आधी एक जागा लागते. लहान, भाडं परवडणारी, शंभरेक खुर्च्या मावतील अशी. 'द हॅबिटॅट' ही तशी जागा होती. तिथे स्टँड-अप व्हायचं, ओपन माइक व्हायचे, कविता आणि गोष्टीही व्हायच्या. स्टँड-अप आणि स्पोकन वर्ड हे मुंबईत बऱ्याचदा एकाच माइकचे भाडेकरू असतात. कॉमेडियन कुणाल कामरा यांचा तिथे चित्रित झालेला व्हीडिओ आल्यावर, त्यातल्या उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावरच्या टिप्पणीमुळे संतापलेल्या शिवसेना कार्यकर्त्यांनी तोडफोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेचं पथक हातोडे घेऊन पोहोचलं आणि अनियमिततेचं कारण देत काही बांधकाम पाडलं. स्टुडिओनं काम थांबवत असल्याचं जाहीर केलं.

वाद एका कॉमेडियनच्या शब्दांवरून होता. पण बंद पडलेल्या जागेत त्या आठवड्यात ज्यांची पहिलीच कविता होती, त्यांचा त्या शब्दांशी काहीही संबंध नव्हता.

पुस्तक कशाला हवं मग?

व्हीडिओला लाखो व्ह्यूज असताना शे-सव्वाशे पानांचं पुस्तक का काढायचं, असा प्रश्न पडू शकतो. याची उत्तरं वेगवेगळ्या कवींनी वेगवेगळी दिली आहेत.

काहींसाठी उत्तर सरळ आहे: पैसे आणि मालकी. व्हीडिओ प्लॅटफॉर्मचा असतो, पुस्तकावर नाव आपलं असतं. 'बटन पोएट्री'नं हे लवकर ओळखलं. व्हीडिओ टाकता टाकता ही संस्था प्रकाशक झाली. हिलबॉर्न यांचा 'अवर नंबर्ड डेज' हा संग्रह २०१५ मध्ये त्यांनीच काढला, रूडी फ्रान्सिस्को यांचा 'हीलियम' २०१७ मध्ये. व्हीडिओ ही जाहिरात आणि पुस्तक हा माल, असा हा हिशेब.

रूपी कौर यांची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, तरी एक तपशील विसरला जातो. पंजाबात जन्मलेल्या आणि कॅनडात वाढलेल्या कौर 'इन्स्टा-कवयित्री' म्हणून ओळखल्या जातात, पण त्यांची सुरुवात स्टेजवर कविता म्हणण्यापासून झाली. 'मिल्क अँड हनी' हे पुस्तक त्यांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये स्वतःच छापलं. पुढच्या वर्षी अमेरिकी प्रकाशकानं ते उचललं आणि जगभर लाखो प्रती खपल्या.

दुसऱ्या टोकाला वार्सन शायर आहेत. त्यांची पहिली पुस्तिका २०११ मध्ये लंडनच्या एका छोट्या प्रकाशनानं काढली. २०१६ मध्ये बियॉन्सेच्या 'लेमोनेड' अल्बममध्ये शायर यांचे शब्द आले आणि त्या रातोरात जगप्रसिद्ध झाल्या. प्रकाशक रांगेत उभे असणार हे उघड आहे. पण त्यांचा पहिला पूर्ण संग्रह आला थेट २०२२ मध्ये. व्हायरल झाल्यावर सहा वर्षं थांबणं ही आजच्या काळात जवळपास बंडखोरी आहे.

आणि मग अमांडा गॉर्मन. २० जानेवारी २०२१ ला जो बायडन यांच्या शपथविधीत २२ वर्षांच्या गॉर्मन यांनी 'द हिल वी क्लाइम्ब' म्हटली. मार्च संपेपर्यंत त्या एका कवितेचं पुस्तक बाजारात होतं आणि पहिली छपाईच १० लाख प्रतींची जाहीर झाली होती. कवितेच्या पुस्तकासाठी हा आकडा किती अचाट आहे, हे मराठी प्रकाशकांना विचारा. पाचशे प्रती संपायला किती वर्षं लागतात, हे ते सांगतील.

पुस्तक झाल्यामुळे कवितेला नवे धोकेही लागू होतात. २०२३ मध्ये फ्लोरिडातल्या एका शाळेत एका पालकाच्या तक्रारीनंतर गॉर्मन यांचं पुस्तक लहान मुलांच्या कपाटातून काढून मोठ्या मुलांच्या विभागात हलवण्यात आलं. तक्रारीच्या अर्जात लेखिका म्हणून नाव होतं ऑप्रा विन्फ्री यांचं. विन्फ्री यांनी पुस्तकाला फक्त प्रस्तावना लिहिलेली आहे.

'ही कविताच नाही' हा वाद

स्टेजवरची कविता कागदावर आली की ठरलेला प्रश्न विचारला जातो: आवाज काढून टाकल्यावर काय उरतं?

हा वाद सगळ्यात कडवटपणे झाला ब्रिटनमध्ये. जानेवारी २०१८ मध्ये कवयित्री रेबेका वॉट्स यांनी 'पीएन रिव्ह्यू' या नियतकालिकात एक लेख लिहिला. हॉली मॅकनिश यांच्या 'प्लम' या संग्रहाचं परीक्षण लिहायला त्यांनी नकार दिला होता आणि लेखात त्याचं कारण दिलं होतं. मॅकनिश, केई टेम्पेस्ट, रूपी कौर यांच्या 'प्रामाणिकपणा'चं कौतुक करता करता साहित्यविश्वानं कारागिरीकडे पाठ फिरवली आहे, असा त्यांचा आरोप होता. मॅकनिश यांनी तो लेखच आपल्या वेबसाइटवर घेतला आणि परिच्छेदागणिक उत्तरं दिली.

वॉट्स यांचं सगळंच चूक होतं असं नाही. 'मनातलं बोलली, धाडस केलं' म्हणून टाळ्या मिळतात आणि मग त्याच टाळ्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर छापल्या जातात, हे आपल्याकडेही होतंच. जी ओळ स्टेजवर तीनदा म्हटल्यावर अंगावर काटा आणते, तीच पानावर तीनदा छापलेली दिसली की वाचक दुसऱ्या वेळी पान उलटतो. आवाजातला कंप, थांबलेला श्वास, पहिल्या रांगेतल्या कुणाचं तरी 'हं'... यातलं काहीच छापता येत नाही.

पण पुढच्या काही वर्षांत पुरस्कारांच्या याद्यांनी या आरोपातला सरसकटपणा खोडून काढला. स्लॅममधून आलेल्या डॅनेझ स्मिथ यांच्या 'डोन्ट कॉल अस डेड'ला २०१८ चं फॉरवर्ड पारितोषिक मिळालं. त्याच वर्षी अमेरिकेत, स्लॅम गाजवलेल्या एलिझाबेथ असेवेडो यांच्या 'द पोएट एक्स'ला किशोर साहित्याचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. ती कादंबरीच स्लॅम सापडलेल्या एका मुलीची आहे आणि पूर्ण पद्यात आहे. ब्रिटनमध्ये स्लॅमची चळवळ शाळांपर्यंत नेणाऱ्या जोएल टेलर यांना २०२१ चं टी. एस. एलियट पारितोषिक मिळालं.

या पुस्तकांत एक साम्य आहे. यातल्या कुणीही स्टेजवरची कविता उचलून जशीच्या तशी कागदावर ओतली नाही. स्टेजवर जे काम विराम करतो, ते पानावर रिकामी जागा करते, ओळ कुठे तोडली ते करतं. हे काम ज्यांनी केलं त्यांची पुस्तकं टिकली. ज्यांनी व्हीडिओची कॅप्शन छापली, त्यांची पहिल्या आवृत्तीनंतर दिसेनाशी झाली.

'तुका म्हणे' हा जुना कॉपीराइट

मराठी वाचकाला या वादात नवं काय आहे, असं वाटू शकतं, आणि ते बरोबरच आहे.

आधी म्हटलेली, मग लिहिलेली कविता हा मराठीचा मूळ रिवाज आहे. बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हतं. शेतात आणि जात्यावर त्या जे रचत, ते मुलगा सोपानदेव आणि घरातल्यांनी जमेल तसं टिपून ठेवलं. ३ डिसेंबर १९५१ ला त्या गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. जे टिपलं गेलं नाही, ते गेलं. वामनदादा कर्डक यांची गाणी तर गावोगावच्या गायकांच्या तोंडी इतकी पसरली की त्यांची गोळाबेरीज करणं हेच संशोधकांचं काम झालं.

स्टेजचीही परंपरा आहे. १९४० च्या दशकात अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांचं 'लाल बावटा कलापथक' कामगार वस्त्यांमध्ये जायचं, तेव्हाही सरकारची नजर असायचीच. पुढे विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट यांनी एकत्र काव्यवाचनं करत महाराष्ट्र पालथा घातला. २००३ पासून संदीप खरे आणि सलील कुलकर्णी यांच्या 'आयुष्यावर बोलू काही'ला तिकीट काढून गर्दी झाली. स्पृहा जोशी, किशोर कदम म्हणजेच सौमित्र, वैभव जोशी यांना लोक कार्यक्रमात ऐकतात आणि त्यांची पुस्तकंही घेतात.

एका बाबतीत मात्र आधीचे लोक जास्त हुशार होते. अभंगाच्या शेवटच्या चरणात 'तुका म्हणे' येतं, 'नामा म्हणे' येतं. गझलेच्या मक्त्यात शायराचं नाव येतं. वामनदादांच्या गाण्यातही 'वामन' येतो. ही नाममुद्रा. गाणं कुणीही म्हणो, कुठेही म्हणो, रचणाऱ्याचं नाव त्याच्या पोटातच शिवलेलं. काढायला गेलं तर चाल मोडते.

स्पोकन वर्डच्या कवितेत अशी जागा नाही. नाव असतं व्हीडिओच्या खाली, डिस्क्रिप्शनमध्ये. तो व्हीडिओ कुणी डाउनलोड केला, वीस सेकंद कापले, मागे दुसरं संगीत लावलं की नाव पहिल्यांदा गळून पडतं. व्हॉट्सअ‍ॅपवर एखादी कविता 'पु. ल. देशपांडे' किंवा 'गुलजार' यांच्या नावानं फिरते, तेव्हा नेमकं हेच झालेलं असतं. दोघांनी ती कधी पाहिलेलीही नसते.

४६ सेकंद आणि सुप्रीम कोर्ट

तिसरी बातमी याच गळून पडलेल्या नावाशी जोडलेली आहे.

इम्रान प्रतापगढी हे काँग्रेसचे राज्यसभा खासदार. मूळचे उत्तर प्रदेशातले, पण २०२२ मध्ये निवडून आले महाराष्ट्रातून. राजकारणात येण्याआधी मुशायऱ्यांमध्ये गाजलेले शायर. डिसेंबर २०२४ च्या शेवटी ते जामनगरला एका सामूहिक विवाह सोहळ्याला गेले आणि तिथला ४६ सेकंदांचा व्हीडिओ त्यांनी 'एक्स'वर टाकला. फुलांची उधळण सुरू आहे, ते चालत येत आहेत आणि मागे एक उर्दू कविता वाजते आहे. ३ जानेवारी २०२५ ला गुजरात पोलिसांनी गुन्हा नोंदवला. समाजात तेढ पसरवल्याचं कलम त्यात होतं. गुजरात हायकोर्टानं गुन्हा रद्द करायला नकार दिला.

कविता प्रतापगढी यांची नव्हतीच. ती फैज अहमद फैज यांची असावी किंवा हबीब जालिब यांची, असं त्यांच्या बाजूनं कोर्टात सांगण्यात आलं.

न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयान यांच्या खंडपीठानं मात्र आधी एक साधी गोष्ट केली. कविता वाचली. सुनावणीतच त्यांनी म्हटलं की, ही कविता उलट अहिंसेचा संदेश देते. २८ मार्चच्या निकालात कोर्टानं गुन्हा रद्द केला आणि पोलिसांसाठी काही गोष्टी नोंदवल्या. बोललेल्या किंवा लिहिलेल्या शब्दांवरून गुन्हा नोंदवायचा असेल, तर आधी ते शब्द वाचून समजून घ्यावे लागतील. तीन ते सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या अशा प्रकरणांत नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार आधी प्राथमिक चौकशी करणं योग्य ठरेल. आणि शब्दांचा परिणाम मोजायचा तो विवेकी, खंबीर मनाच्या माणसाच्या मापानं, प्रत्येक टीकेत धोका बघणाऱ्याच्या नव्हे. प्रजासत्ताकाला ७५ वर्षं झाल्यावर केवळ कविता म्हटल्यानं किंवा स्टँड-अप केल्यानं समाजात द्वेष पसरेल असं मानण्याइतके आपण डळमळीत असू शकत नाही, अशा आशयाचं निरीक्षणही त्यात आहे. मुंबईत स्टुडिओची तोडफोड होऊन तेव्हा पाच दिवस झाले होते.

निकाल गुन्हा नोंदवणाऱ्या पोलिसांना बांधतो. रात्री खुर्च्या तोडायला येणाऱ्या जमावाला नाही, आणि शब्द न विचारता उचलणाऱ्यालाही नाही. त्यासाठी ओपन माइकला जाणाऱ्यांपैकी काही जणांनी आपापले छोटे उपाय शोधले आहेत. कविता म्हणण्याआधी ती तारखेसह स्वतःला ईमेल करून ठेवायची. व्हीडिओत स्वतःचं नाव कवितेच्या आधी मोठ्यानं उच्चारायचं. कार्यक्रमाच्या कागदावर 'फक्त या व्हीडिओपुरतं' असं हातानं लिहून मग सही करायची. पहिल्या दोन उपायांना स्वतंत्र कायदेशीर वजन फारसं नाही, वाद झालाच तर पुरावा म्हणून मदत होते इतकंच. तिसऱ्याला आहे.

सुप्रीम कोर्टाच्या त्या निकालपत्रात ४६ सेकंदांच्या व्हीडिओत वाजलेली कविता उतरवून घेतली आहे, इंग्रजी भाषांतरासह. ती कुणाची, यावर फैज की जालिब ही चर्चा इंटरनेटवर अजून सुरू आहे.